गेरूवर गेरू

आमच्या अंगणात दोन घरं आहेत, एक माझं आणि एक माझ्या थोरल्या जावेचं. सासऱ्यांनी हयातीतच वाटण्या करून दिल्या होत्या, त्यामुळे भांडण असं कधी झालं नाही. घरं काटकोनात उभी आहेत. माझी पुढची भिंत पश्चिमेकडे तोंड करून, जावेचा हॉल त्या भिंतीच्या बाजूलाच, मोठ्या खिडकीचा. दुपार कलली की ऊन सगळं माझ्या भिंतीवर येतं आणि तिथून उसळून तिच्या हॉलमध्ये शिरतं.

तिचा हॉल पांढरा आहे. लाद्या पांढऱ्या, भिंती पांढऱ्या, सोफाही पांढरा आणि त्यावर अजून दुकानातलं प्लॅस्टिक. माझी भिंत लाल आहे. लाल म्हणजे भडक नव्हे, गेरूची लाल, भाजलेल्या विटेची. रोज चारच्या सुमाराला तिच्या त्या शुभ्र संसारावर माझा रंग चढतो. सोफा गुलाबी होतो, लाद्या गुलाबी होतात, समोर बसलेल्या पाहुण्यांची तोंडंसुद्धा तापल्यासारखी दिसायला लागतात. मग ती उठते आणि पडदा ओढते. मी माझ्या पायरीवर चहा घेऊन बसलेली असते. पडदा ओढला गेला की मी पहिला घोट घेते.

सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही असं मी पुष्कळ ऐकलंय, शाळेत पोरांना शिकवलंयसुद्धा. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांनी तो नीट घेतला नसणार.

लाल रंग माझ्याबरोबर माहेरून आला. माहेर खालापूरकडचं. तिथं दिवाळीच्या आधी आई आणि चुलत्या घरभर गेरू फिरवायच्या. भिंतीला खाली कमरेइतका पट्टा, चुलीमागे सगळी भिंत, उंबऱ्याला तर दोनदा. लग्न होऊन मी कर्जतजवळ दहिवलीला आले तेव्हा माझ्या वाट्याच्या घराला जमीन म्हणून नुसता खडबडीत कोबा होता. नवऱ्याने विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, लाल. तो हसला, पण गवंड्याला बोलावून त्याने सिमेंटमध्ये लाल पूड कालवून घेतली, थापीने घोटून घेतली, आणि वाळेपर्यंत आम्ही दोघांनी तिच्यावर ओली पोती टाकून ती जपली. नंतर दर दिवाळीला खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचो. त्याचे गुडघे दुखायचे म्हणून तो एका कोपऱ्यात बसून हात पोचेल तेवढंच पुसायचा आणि बाकीचं मला दाखवून द्यायचा. काही वर्षांनी ती जमीन इतकी चकाकली की तिच्यात खिडकीचे गज दिसायला लागले.

कर्जतचा पावसाळा ज्याने काढलाय त्याला त्या जमिनीची किंमत कळेल. चार महिने बाहेर नुसतं हिरवं आणि करडं. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्या दिवसांत बाहेरून आत पाऊल टाकलं की लाल जमीन अंग शेकून काढायची. प्रत्यक्षात ती इतर कुठल्याही जमिनीइतकीच गार होती. पण डोळ्यांना ऊब मिळाली की पायांनाही मिळते, हे मी त्या घरात शिकले.

मग नवरा गेला. थोरली कॉलेजात होती, धाकटी शाळेत. दिवसकार्य झाल्यावर भाऊ मला थोडे दिवस माहेरी घेऊन गेला. मुली जावेकडे राहिल्या. मी परत आले तेव्हा जाऊ माझ्या दारात उभी होती, माझ्याच दारात, आणि मला म्हणाली, "ये गं. बघ कसं लख्ख करून घेतलंय. तुझ्या भावजींनी उभं राहून करवून घेतलं सगळं."

जमिनीवर पांढऱ्या लाद्या होत्या. त्यांच्या हॉलच्या उरलेल्या. भिंती पांढऱ्या. माजघराचे डाळिंबी पडदे गेले होते, पलंगावरची चादर गेली होती, स्वयंपाकघरातला गेरूचा पट्टा गेला होता. मी विचारलं, माझी जमीन कुठाय?

"हाय की खाली," ती म्हणाली. "आता लाल कशाला गं तुला? लोकं येत्यात-जात्यात. बरं दिसत नाय."

त्या दिवसांत मला पाणी पी म्हणूनसुद्धा कुणीतरी सांगावं लागायचं. तिने चहा केला, मी प्याले. माझ्याच कपात, पांढऱ्या लादीवर बसून. त्या चहाची चव मला अजून आठवते आणि ती काही चांगली नाही.

पांढऱ्या लादीवर माणूस राहत नाही, पुसत राहतो. एक केस पडला तरी दिसतो. पावसाळ्यात तिच्यावर दमट थर धरायचा आणि पाय घसरायचा. ट्यूबलाइट लावली की सगळं घर दवाखान्यासारखं दिसायचं आणि त्यात मी, पांढरट साडीत, बाहेर नंबराची वाट बघत बसलेल्या पेशंटसारखी. मी शाळेतून उशिरा घरी यायला लागले. वर्गाच्या भिंतींचे निदान पोपडे उडालेले होते.

खोटं कशाला बोलू, माझ्या मुलींवर तिची माया होती. तिला दोन मुलगे, मुलगी नाही. मी शाळेत असायची तेव्हा माझ्या मुलींच्या वेण्या तिने घातल्या, तापात उशाशी ती बसली, सणाला बांगड्या भरायला तीच घेऊन गेली. आणि म्हणूनच ते सगळं मला जास्त लागलं. तिला माझं लाल नको होतं, पण माझ्या मुली हव्या होत्या.

थोरलीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे मांडवाची मेढ रोवली की पाच सवाष्णी ओल्या गेरूत उजवा हात बुडवतात आणि दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर ठसे उमटवतात. ते ठसे पुसायचे नसतात. उन्हापावसाने जातील तेव्हा जातील. आलागेला माणूस बघतो, हात कुणाकुणाचे विचारतो. आणि एक आहे, ठसे एकदाच लावायचे. दुसऱ्यांदा लावले तर मुलीचं लग्न दुसऱ्यांदा लावायची पाळी येते, असं आमच्या बाया मानतात आणि त्या बाबतीत कुणी चेष्टाही करत नाही.

मला ठसा लावायचा नव्हता. मला रीत ठाऊक होती. मला फक्त बघायचं होतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. जाऊ गेरूचं ताट घेऊन पुढे आली, मला बघितलं आणि सगळ्या बायांसमोर, अगदी गोड आवाजात म्हणाली, "तू आत जा गं जरा. चहाचं बघ."

मी आत गेले. चहाचं बघितलं. बाहेर बाया गात होत्या आणि मी पांढऱ्या लादीवर उभी राहून उकळत्या पाण्यात साखर टाकत होते. थोरलीने एकदा मान वळवून आत बघितलं, तेवढंच. माझ्या मुलीच्या मांडवात, माझ्या घराच्या भिंतीवर, पहिला हात जावेचा उमटला. दाराच्या डावीकडे, विजेच्या मीटरखाली. करंगळी जरा वाकडी.

तो हात मी पुढे कित्येक वर्षं बघितला. शाळेत जाताना बघायची, येताना बघायची. छपराची पागोळी त्या बाजूला पडत नाही, त्यामुळे पावसानेही तो गेला नाही. बाकी चार फिके होत गेले, तिचा टिकला. कुणी आलं की ती अंगण ओलांडून यायची आणि बोट करून दाखवायची, "हा माझा. थोरलीच्या लग्नातला." आणि माझ्याकडे बघून हसायची, म्हणजे मीही हसावं अशा बेताने. मी हसायची. दात दिसतील एवढं.

मी रिटायर झाले आणि त्याच वर्षी धाकटीचं जमलं, पोशीरला. माणसं बरी, भातशेतीवाली, मुलगा नोकरीला. ठरवाठरवी झाली त्याच संध्याकाळी जाऊ माझ्याकडे येऊन बसली आणि तिने बेत सुरू केले. कुणाकडून मांडव घ्यायचा, हळदीला किती माणूस, बांगड्यावाली कधी बोलवायची. बोलता बोलता ती उठली, दारात गेली, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "भिंतीला पांढरा हात मारून घे बरं का. गेरू उठून दिसला पायजे. थोरलीचा कसा दिसतोय अजून, तसा."

"मारते," मी म्हटलं.

त्याच क्षणी मला सगळं सुचलं. इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं ते एका वाक्यात सुचलं आणि ते तिनेच सुचवलं, म्हणून मी तिला दुसरा कप चहासुद्धा दिला.

आधी लाद्या काढल्या. गवंड्याने विचारलं, चांगल्या लाद्या का फोडताय? मी म्हटलं, तू फोड. पहिली लादी निघाली तेव्हा मी जवळच उकिडवी बसले होते. खाली माझी जमीन होती, पण लादीखालचं सिमेंट नीट धरावं म्हणून तिच्यावर छिन्नीने टाचे मारलेले होते. सगळीकडे. देवी आलेल्या तोंडासारखी दिसत होती. नवरा ज्या कोपऱ्यात बसून बोळा फिरवायचा तो कोपराही सोडला नव्हता. मला वाटत होतं मी रडेन. मी रडले नाही, मला फक्त राग आला, चांगला तापलेला, कामाला लावण्यासारखा राग. गवंडी म्हणाला, टाचे आहेत ते बरंच आहे, नवा थर घट्ट धरेल. म्हणून त्याच जमिनीवर नवा लाल थर घातला, घोटला, पोती टाकली. या वेळी पोत्यांवर पाणी मी एकटीने मारलं.

धाकटी मला फोनवर फोटो दाखवायची. हल्ली लोक या रंगांना टेराकोटा म्हणतात, रस्ट म्हणतात. कर्जतच्या आजूबाजूची अर्धी फार्महाऊस आता या रंगांत आहेत, मुंबईचे लोक येऊन आमच्या वीटभट्टीचा रंग भिंतीला लावून जातात आणि त्याला शांत वाटतं म्हणतात. मला शांत वाटायला नको होतं. पण घर लाल करायचं तर अक्कल वापरून करायचं, हे मी ठरवलं होतं. रागाच्या भरात सगळंच लाल केलं असतं तर तापल्या तव्याखाली राहिल्यासारखं झालं असतं, आणि हसायला तीच आली असती.

म्हणून मी ठिगळं लावून बघितली. प्रत्येक खोलीत हातभर चौकोन रंगवायचा आणि सकाळी, दुपारी, दिवा लागल्यावर, असा तो बघायचा. माजघरात उजेड कमी, तिथं एकाच भिंतीला गडद विटकरी दिला आणि बाकीच्यांना सायीचा रंग. छत सगळीकडे फिकट ठेवलं. निजायच्या खोलीला मडक्याच्या आतल्या बाजूला असतो तसा मऊ, मातकट गुलाबी. स्वयंपाकघरात ओट्यामागे विटाच उघड्या ठेवल्या. ट्यूबलाइट सगळ्या काढून टाकल्या, कारण पांढऱ्या उजेडात लाल रंग कलेजीसारखा दिसतो. पिवळे दिवे लावले. पहिल्या दिवशी दिवा लावला आणि मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. माझे हात मला माझे वाटले. पुष्कळ वर्षांनी.

उरली पुढची भिंत.

त्या भिंतीसाठी मी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, त्यावर गेरू कालवून फासला आणि उन्हात खडखडीत वाळवला. ओला गेरू गडद असतो, वाळला की उतरतो, आणि मला वाळलेला हवा होता. तो पुठ्ठा घेऊन बाजारात रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा आमच्या ओळखीचे. त्यांच्याकडे रंग जुळवायचं मशीन आहे. पहिल्या खेपेला रंग जरा गुलाबीकडे गेला. मी म्हटलं, नाही जमलं. "बाई, एवढं कोण बघतंय?" चाचा म्हणाले. मी म्हटलं, एकजण बघणार आहे. दुसऱ्या खेपेला त्यांनी पुठ्ठ्याच्या मधोमध बोटाने एक ठिपका लावला, पंख्याखाली धरला आणि वाळल्यावर माझ्या हातात दिला. मी पुठ्ठा उजेडाकडे धरला, तिरका धरला, जवळ घेतला. मला ठिपका सापडला नाही. मी दुकानात उभ्या उभ्या हसले. चाचांना वाटलं, लग्नघर आहे, बाई आनंदात आहे. होतेच.

रंगारी आला तेव्हा त्याने मीटरखालच्या ठशाकडे बोट केलं. "ताई, हे ठेवायचंय का घासू?" मी त्याच्या हातातून पॉलिश पेपर घेतला. तो ठसा मी स्वतः घासला. आधी करंगळी, मग अंगठा, मग तळवा. समोरच्या खिडकीत जाऊ उभी होती हे मला माहीत होतं. मी सावकाश घासला.

भिंत वाळायच्या आत ती अंगण ओलांडून आली. "हे काय केलंस गं? मी पांढरं मार म्हणलं व्हतं. बाहेरून पन लाल?"

"का? वाईट दिसतंय?"

"वाईट न्हवं गं. पन लोक काय म्हनतील? बाईमाणूस, नवरा नाय, आन् घर असं नवरीवानी."

"नवरीचंच घर हाय, ताई," मी म्हटलं. "लगीन हाय ना घरात."

ती भिंतीकडे बघत राहिली. रंग तिला टोचत होता, पण खरं काय केलंय हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं, फक्त धाकटीच्या आलं. ती कामावरून आली, पायरीवर चपला काढता काढता थांबली, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, ठसे कुठं लावणार?"

"इथंच. दुसरीकडे कुठं?"

तिने दुसरी चप्पल काढली. मग म्हणाली, "काकूचं काय गं पन?"

"काकूला मेढीला लवकर यायला सांग," मी म्हटलं. धाकटी आत गेली. तिने मला अडवलं नाही, हे मी विसरणार नाही. तिने मला शाबासकीही दिली नाही.

मेढीच्या दिवशी ऊन सकाळपासूनच कडक होतं. जाऊ नवी हिरवी साडी नेसून, केसात वेणी माळून आली. मी डाळिंबी नेसले होते. बाया बघत होत्या, पण मी पदर खोचून अशी काही कामाला लागले होते की कुणाला तोंड उघडायला सवड मिळाली नाही. दुपार कलल्यावर मेढ रोवली. जावेने ताटातल्या ओल्या गेरूत हात बुडवला, निथळवला आणि पहिला मान म्हणून मीटरखाली, जुन्याच जागी, हात दाबला. चांगला जोर देऊन दाबला. मागोमाग बाकीच्या चौघींनी.

ओले होते तोवर ठसे दिसत होते, गडद, पाण्याने भिजल्यासारखे. "उठून नाय दिसत तेवढं," जाऊ म्हणाली, "पन बरं हाय." बायांनी गाणं धरलं. गाणं संपायच्या आधीच उन्हाने काम सुरू केलं. बोटांची टोकं आधी गेली. मग बोटं. तळव्यांच्या मधला ओलावा तेवढा थोडा वेळ राहिला, आणि तोही पाण्यात मीठ विरघळावं तसा भिंतीत विरघळला. गाणं मधेच तुटलं. एकजण म्हणाली, "अगं बाई, तुझा गेला!" दुसरी म्हणाली, "तुझा तरी कुठं ऱ्हायलाय?" पाच सवाष्णी उजवे हात लाल करून भिंतीसमोर उभ्या होत्या आणि भिंत कोरी होती.

"हळद आना," जाऊ म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हळदीचे लावू परत."

तेव्हा शेजारची सगळ्यात म्हातारी बाई, जी एवढा वेळ खुर्चीत पेंगत होती, ती चटकन म्हणाली, "परत नाय लावायचे. दुसऱ्यांदा हात नाय लावायचा गं मेढीला. पोरीचं वाईट कराचं हाय का?"

जावेचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी चौकटीत उभी होते, भर उजेडात, आणि मला कुणीही आत जा म्हणत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर सगळं एकेक करून आलेलं मला दिसलं: भिंत, रंग, पुठ्ठा नव्हे, तो तिला माहीत नव्हता, पण घासलेला ठसा नक्की. तिला कळलं. मला तेच हवं होतं. कळल्याशिवाय उपयोग नव्हता.

"ताई," मी म्हटलं, अगदी गोड आवाजात, "आत चहाचं बघता का जरा?"

आणि ती गेली. माझ्या लाल जमिनीवरून चालत, माझ्या विटकरी स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं बघितलं. बाहेर मी बायांबरोबर गायले. माझा आवाज चांगला नाही, तरी गायले.

लग्न छान झालं. पोशीरचे लोक घर बघून खूश झाले, नवऱ्या मुलाची आत्या तर माजघरात बसून उठायलाच तयार नव्हती, म्हणाली, इथं बसलं की जेवल्यासारखं वाटतं. ठसे कुणाचे, असं कुणी विचारलं नाही, कारण विचारायला भिंतीवर काही नव्हतंच. मुलगी निघाली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली आणि मग जावेच्या. जावेच्या गळ्यात जरा जास्त वेळ होती. ते मी बघितलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी मी काहीही सोडून देऊ शकत होते.

दुसऱ्या दिवशी मांडववाले बांबू सोडून घेऊन गेले. संध्याकाळी अंगण मोकळं झालं. मी पायरीवर बसले होते. जाऊ आली. साधी साडी, विस्कटलेले केस. तिच्या तळहाताच्या रेषांत गेरू अजून अडकलेला होता. ती भांडायला आली असेल म्हणून मी सावरून बसले. भांडणाची माझी पुष्कळ तयारी होती, इतक्या वर्षांची.

ती भांडली नाही. ती भिंतीजवळ गेली आणि म्हणाली, "माझा कुठला व्हता गं? दाखव तरी."

मी पायरीवरच बसून राहिले.

"मला पोरी नायत," ती म्हणाली. "ह्या दोघींचेच काय ते हात माझे. थोरलीचा तू घासून काढलास. बोलले का मी काय? नाय बोलले. मी बी तवा तुला आत धाडायला नको व्हतं, ठावं हाय मला. पन हिचा हाय ना भिंतीत? वाळला तरी हाय ना? कुठं हाय तेवढं सांग, म्हंजे मला ठावं ऱ्हाईल."

होता. तिने जोर देऊन दाबला होता, त्यामुळे तिथं गेरूचा थर जाड बसला होता. मीटरपासून वीतभर खाली. उतरत्या उन्हात भिंतीला गाल लावून बघितलं की त्याच्या कडा दिसत होत्या, वाकड्या करंगळीसकट. मी आधीच बघून घेतलं होतं.

"मला नाय आठवत, ताई," मी म्हटलं. "पाचजणी व्हत्या."

मग डोळे बारीक करून तिने भिंतीवर हात ठेवला आणि दाराच्या चौकटीपासून चाचपायला सुरुवात केली. चुन्याच्या भिंतीत गेरू मुरतो, पण या दुकानच्या रंगावर नुसता पाण्यात कालवलेला गेरू, त्यात ना डिंक ना काही, वाळला की हात लावल्याबरोबर पूड होऊन निघतो. हे तिलाही माहीत होतं, आयुष्यभर तिनेही गेरू लावलाय. पण तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही. ती तळहात सपाट धरून, अंधाऱ्या खोलीत बटण शोधावं तशी, हळूहळू सरकत होती. चौकटीवरून डावीकडे. मीटरच्या बाजूने. मग खाली.

त्या जागी तिचा हात पोचला, एकदा वर गेला, एकदा खाली आला, आणि पुढे निघून गेला. तळव्याला लाल पूड लागली ती तिने पदराला पुसली आणि पुन्हा शोधायला लागली. मी पायरीवरून बघत होते. मी तिला थांबवलं नाही.